गुलदारवर उतरण्याआधी : बुडवलेल्या युद्धनौकेवरच्या पहिल्या डाइव्हची तयारी

मालवण-तारकर्लीहून परतलेली माणसं "आम्ही स्कूबा केलं" म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा घडलेलं असतं ते असं. होडीने खडकापाशी नेलं, पाठीवर टाकी चढवली, प्रशिक्षकाने मागून टाकी धरली, काही मीटर खाली पंधरा मिनिटं फिरवलं आणि व्हिडिओ काढून वर आणलं. समुद्राची ही पहिली ओळख सुंदरच असते, आणि पुढे डायव्हर झालेल्या कित्येकांची सुरुवात तिथेच होते. पण त्या पंधरा मिनिटांत श्वास घेण्यापलीकडचं सगळं दुसऱ्याने केलेलं असतं. समुद्राच्या तळाशी ठेवलेली ८४ मीटर लांबीची युद्धनौका पाहायची, तर ते सगळं स्वतःला यायला हवं. ही तयारी कशी करायची, ते इथे क्रमाने सांगतो.

आधी नौकेविषयी, कारण तिची घडण माहीत असेल तर खाली गेल्यावर काय दिसतंय ते कळतं. आयएनएस गुलदार पोलंडमधल्या ग्दिनियात बांधली गेली आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे ८४ मीटर, रुंदी दहा मीटरच्या आतबाहेर, वजन ११२० टन. सैनिक, रणगाडे आणि चिलखती गाड्या थेट किनाऱ्यावर उतरवणं हे तिचं काम. त्यासाठी धक्का लागत नाही. नौका सरळ पुळणीवर चढते, पुढचा दरवाजा उघडतो, उतरंडीची फळी खाली येते आणि गाड्या वाळूवर उतरतात. किनारा जवळ आला की मागच्या बाजूने एक नांगर टाकून ठेवतात, म्हणजे काम झाल्यावर त्याच्याच साखळीवर नौका स्वतःला मागे ओढून घेते. गुलदार आणि तिच्याच घडणीच्या चीता व कुंभीर या तिघींनी मिळून तेराशेहून जास्त वेळा असं केलं. श्रीलंकेतल्या शांतिसेनेच्या काळात त्या कामावर होत्या, २००४ च्या त्सुनामीनंतर मदतकार्यातही होत्या. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला तिघी एकाच दिवशी निवृत्त झाल्या.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर गुलदार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या हाती आली. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने या प्रकल्पासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले. पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळखडक म्हणून तिच्यासाठी ठरवलेली जागा सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळची आहे. जवळच वेंगुर्ल्याचं खडकावरचं दीपगृह आहे आणि पाकोळ्यांची घरटी असलेल्या गुहांसाठी हे बेटांचं टोळकं पक्षीप्रेमींना ठाऊक आहे.

लोखंडाचा खडक कसा होतो, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला सांगावं लागत नाही. होडी चार महिने पाण्यात राहिली की तिच्या बुडाला काय काय चिकटतं, ते तो दरवर्षी खरवडून काढतो. उघड्या वाळूत शेवाळाला, कालवांना, स्पंजांना, प्रवाळांच्या पिलांना बूड टेकायला जागा नसते. टणक पृष्ठभाग मिळाला की आधी सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर बसतो, मग शेवाळ, मग शिंपल्यांची आणि स्पंजांची वस्ती. त्यांच्यामागे लहान मासे आणि लहानांमागे तांबोशी, गोबरा असे मोठे. शिवाय उभ्या भिंतीला प्रवाह अडतो, वळतो, आणि त्याबरोबर वाहत आलेलं सूक्ष्म अन्न तिथे घोटाळत राहतं.

पण त्याआधी जहाज धुऊनपुसून निर्धोक करावं लागतं. टाक्यांतलं तेल, तारांची आवरणं, अॅस्बेस्टॉस, सुटणारा रंग हे सगळं काढायचं, दारं काढायची, उजेड आणि वाट राहावी म्हणून भोकं पाडायची. नौका ताब्यात येणं आणि ती तळाला जाणं यांत जो काळ जातो, तो यासाठी. तो वाया गेलेला वेळ समजू नका. घाईने बुडवलेलं तेलकट जहाज मासळीच्या जिवावर उठतं.

१. आधी विचारा, मग रजा टाका

तिकीट काढण्याआधी महामंडळाच्या तारकर्लीच्या केंद्रात फोन करून चार गोष्टी विचारा. नौका डायव्हरांसाठी खुली आहे का? वरचा डेक किती मीटरवर आणि तळ किती मीटरवर? कोणतं प्रमाणपत्र लागतं? होडी बांधायला कायमचा तरंगता बोया आहे का? शेवटचा प्रश्न किरकोळ वाटेल. पण बोया नसेल तर प्रत्येक होडी नांगर टाकणार, आणि वाढू लागलेल्या कोवळ्या वस्तीवर तो नांगर पडणार.

दिवसही निवडून घ्या. कोकणात डाइव्हिंगचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला म्हणजे पाणी निवळलं असं नाही. पावसाळ्याचा गाळ बसायला पुढे बरेच आठवडे जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात भरवशाचा काळ. त्यातही कॅलेंडरमधली तिथी पाहा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोरात खेचतं आणि तळ ढवळून निघतो. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, ओढ कमी आणि पाणी त्यामानाने स्वच्छ. नवख्याने पहिली डाइव्ह भांगाच्या दिवसांतच ठेवावी. लाँग वीकेंड अमावस्येला येत असेल तर तो दुसऱ्या कशासाठी वापरा.

२. डॉक्टरांशी खरं बोला

कोर्सआधी आरोग्याचा फॉर्म भरायला देतात. दमा, फिट, हृदयविकार, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर स्पष्ट लिहा आणि डॉक्टरांची लेखी संमती घ्या. जमिनीवर किरकोळ वाटणारा दमा पाण्याखाली फुप्फुसात हवा कोंडून जीव घेऊ शकतो. सर्दी झाली असेल तर त्या दिवशी उतरू नका. कान मोकळे होणार नाहीत, म्हणजे खोलीवरच्या दाबाशी कानांतला दाब जुळवता येणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली तेही पाहून ठेवा, गंजलेल्या पत्र्याने हात कापायला वेळ लागत नाही.

३. कोर्स करा

पहिला टप्पा ओपन वॉटर कोर्सचा. साधारण तीन-चार दिवस लागतात: थोडा अभ्यास, तलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाइव्ह. वय किमान दहा. पोहण्याची परीक्षा अवघड नसते: २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं. या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येतं. त्यापुढचा अॅडव्हान्स्ड कोर्स पाच डाइव्हचा, त्यावर ३० मीटरपर्यंत. बुडवलेल्या जहाजांवर बरंचसं पाहण्यासारखं १८ मीटरच्या खाली असतं, म्हणून दुसराही करावा, असं माझं मत आहे. तारकर्लीला महामंडळाचीच इसदा ही प्रशिक्षण संस्था आहे. तिथे शिकलात तर समुद्राचा हाच पट्टा ओळखीचा होतो, आणि त्याचा फायदा गुलदारवर थेट मिळतो.

४. अधांतरी राहायला शिका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. घाई करणारे नेमके इथेच घाई करतात.

पाण्यात ना वर, ना खाली, जिथल्या तिथे स्थिर राहण्याच्या कौशल्याला डायव्हर बॉयन्सी म्हणतात. कमरेची शिशाची वजनं खाली ओढतात, अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमधली हवा वर ओढते आणि बारीक समतोल फुप्फुसांनी साधायचा असतो. श्वास घेतला की शरीर किंचित वर जातं, सोडला की किंचित खाली. नवख्याला वाटतं की हातपाय हलवून जागेवर राहायचं असतं. खरं तर हातपाय थांबले की मगच ते जमू लागतं. सुरुवातीला बहुतेकांच्या कमरेला गरजेपेक्षा जास्त वजन असतं. मग ते भरून काढायला जॅकेटमध्ये जास्त हवा, आणि ती हवा थोड्याशा चढउतारावरही फुगते-आकसते. तेव्हा प्रशिक्षकाला सांगून वजन एकेक किलोने कमी करून पाहा.

मालवणच्या खडकांच्या बाजूला वाळूचे पट्टे आहेत. तिथे, वाळूपासून हातभर उंचीवर, आडवं होऊन, हात छातीशी घेऊन तीन मिनिटं राहा. वाळूला काही लागता कामा नये. हे जमलं की पायांची पद्धत बदला. वर-खाली मारलेले फिन्स (पायांत घालायचे रबरी पंख) गाळ उडवतात. बेडकासारखे पाय बाहेर फाकवून मागे ढकललं तर पाणी मागे जातं, खाली नाही. लोंबणारी नळी, कॅमेरा, हवेचा दाब दाखवणारा मीटर हे सगळं अंगाशी अडकवून घ्या.

हा सराव खडकावर न करता वाळूवर करा, हे मुद्दाम सांगतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, आणि तिथल्या प्रवाळांवर आजवर पुष्कळ पाय पडले आहेत. गर्दीतले काही डायव्हर तिकडून हटावेत, हा गुलदारसारख्या नौकेचा एक मोठा उपयोग आहे. तिची तयारी करताना आपणच प्रवाळ मोडला, तर त्या उपयोगावर पाणीच पडलं.

जहाजावर हे कौशल्य दुप्पट लागतं. प्रत्येक आडव्या पत्र्यावर बारीक गाळ साचतो, गंजाचे पापुद्रे सुटतात. फिनचा एक फटका बसला की तुमच्या मागच्या चौघांना काही दिसत नाही. भिंतीला धरून स्वतःला सावरायची सोयही नसते. पत्र्याच्या कडा धारदार होतात, आणि जिथे हात टेकवाल तिथे खडकाच्या रंगाचा विंचूमासा बसलेला असू शकतो. त्याचा काटा लागलाच तर वर येऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवतात, त्याने विषाचा जोर उतरतो, आणि मग डॉक्टर गाठायचा.

दहा-बारा डाइव्ह अशा साध्या जागी झाल्या की मग जहाजाचं नाव काढा.

५. नौका कागदावर पाठ करा

जमिनीवर ८४ मीटरची वस्तू एका नजरेत मावते. पाण्यात दृष्टी आठ-दहा मीटर असली तरी आपल्याकडे तो चांगला दिवस. तुम्हाला जहाज दिसणार नाही, जहाजाचा एक तुकडा दिसेल, लोखंडाची हिरवट भिंत. म्हणून आदल्या दिवशी गाईडकडून आराखडा समजून घ्या आणि स्वतःच्या हाताने एकदा काढा. या घडणीच्या नौकांत उंच बांधकाम मागच्या अर्ध्यात असतं. ते समोर आलं की आपण मागच्या बाजूला आहोत. पुढे नाळेकडे तो प्रसिद्ध दरवाजा आणि उतरंड. दोन्हींच्या मध्ये रणगाडे ठेवायचा लांबलचक डेक. बोयाची दोरी यांपैकी कशाजवळ बांधली आहे, हे पाठ असू द्या. परतायचं तिथेच असतं.

नौका कशी बसली आहे तेही विचारा. ऑस्ट्रेलियाची टोब्रुक ही अशीच सैन्य उतरवणारी (लँडिंग शिप), १२७ मीटरची नौका. २०१८ च्या जूनमध्ये क्वीन्सलँडच्या किनाऱ्यापाशी बुडवली, तेव्हा ती सरळ न बसता कुशीवर कलंडली. कलंडलेल्या जहाजात जिना आडवा असतो, छत भिंतीच्या जागी येतं आणि डोकं चक्रावतं. अमेरिकेतल्या स्पीगल ग्रोव्हचं उदाहरण तर प्रत्येक नव्या डायव्हरने ऐकून ठेवावं. ही १५५ मीटरची लँडिंग शिप फ्लोरिडातल्या की लार्गोजवळ ठेवायची होती. १७ मे २००२ रोजी ती ठरलेल्या वेळेआधीच बुडू लागली आणि उलटी झाली. नाळ पाण्याबाहेर, बाकी सगळं खाली. काही आठवड्यांच्या खटपटीनंतर ती कुशीवर निजवता आली. पुढे जुलै २००५ मध्ये डेनिस चक्रीवादळ आलं, आणि माणसांना जे जमलं नव्हतं ते लाटांनी केलं: ती सरळ उभी राहिली. तळाला गेलेलं जहाज कायमचं स्थिर झालं असं धरून चालू नये, ते यासाठी. आपल्याकडे तर दरवर्षी चार महिने पावसाळी समुद्र आहे. म्हणून नव्या हंगामात गेलात तर "पावसाळ्यानंतर पाहणी झाली का?" हे विचाराच.

६. त्या दिवशी

रात्रीची झोप पुरी, दारू नाही, सकाळी हलकं खाणं, भरपूर पाणी. होडी लागत असेल तर गोळी आदल्या रात्री घरीच एकदा घेऊन पाहिलेली असावी. काही गोळ्यांनी गुंगी येते. होडीत बसताक्षणी लाइफ जॅकेट घाला आणि परतीच्या वाटेवरही काढू नका. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी उलटून पर्यटकांचे जीव गेले, ते किनारा जवळ आलेला असताना.

होडीवर ऑक्सिजनची टाकी आहे का, आणि गरज पडली तर रुग्णाला कुठे नेणार, हे निघण्याआधी विचारा. उत्तर सरळ आलं नाही तर त्या होडीने जाऊ नका. जोडीदाराबरोबर एकमेकांची साधनं तपासा: हवा सुरू आहे, जॅकेट फुगतं आहे, वजनं सुटतात, पर्यायी रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचं साधन) हाताशी आहे. अंगभर वेटसूट आणि जाळी कापायचं छोटं कटर घ्या. मासे जिथे जमतात तिथे जाळी टाकली जातात, आणि फाटलेली जाळी लोखंडाला अडकून राहतात.

७. खाली

बोयाच्या दोरीने उतरा, मोकळ्या पाण्यातून नाही. दर हातभर उतरल्यावर कान मोकळे करा, दुखायची वाट पाहू नका. दुखलंच तर मीटरभर वर या. खाली पोचल्यावर आधी थांबा, दहा शांत श्वास घ्या आणि प्रवाह कुठून येतो ते पाहा. जाताना प्रवाहाविरुद्ध, येताना प्रवाहाबरोबर, हा क्रम कधी उलटा करू नका.

हवेचा हिशेब सोपा आहे, पण डोक्यात पक्का बसवावा लागतो. २० मीटरवर दाब जमिनीच्या तिप्पट असतो, म्हणून प्रत्येक श्वास तिप्पट हवा खातो. पृष्ठभागावर तासभर पुरणारी टाकी तिथे वीस मिनिटांत संपते, आणि घाबरलेला माणूस त्याहून लवकर संपवतो. टाकीतल्या हवेचा दाब बारमध्ये मोजतात. २०० बारने उतरलात तर १०० ला गाईडला खूण करा आणि दोरीकडे वळा. होडीवर चढताना ५० शिल्लक हवेत.

आणि पाहा. नवी नौका असेल तर सुरुवातीला फक्त पत्रा दिसेल, निराश होऊ नका. कडांकडे आणि कठड्यांकडे पाहा. प्रवाह लागतो तिथे वस्ती आधी धरते. एक कठडा निवडून दरवर्षी त्याच जागेचा फोटो काढलात तर पाच वर्षांत तुमच्याकडे एका खडकाच्या जन्माची नोंद असेल. मला विचाराल तर तळावरच्या फिरण्यापेक्षा हे काम जास्त मोलाचं आहे.

८. आत जाऊ नका

लँडिंग शिपचा मोह वेगळाच असतो. लहान दारातून काळोख्या खोलीत शिरायला कुणीही कचरतो. पण रणगाड्यांचा डेक म्हणजे मोठा दिवाणखाना वाटतो: रुंद, उंच, पलीकडून उजेड येणारा. "ही खोली थोडीच आहे, आरपार दिसतंय की," असं मनात येतं. तरी डोक्यावर छत असलं म्हणजे सरळ वर येण्याची वाट बंद झाली, मग ते छत कितीही उंच असो. मधोमध गाळ उडाला की पलीकडचा उजेड पहिल्यांदा नाहीसा होतो.

मार्च २००७ मध्ये स्पीगल ग्रोव्हच्या आत तीन डायव्हरांचा मृत्यू झाला, आणि ते नवखे नव्हते. आत जाण्याचं वेगळं प्रशिक्षण असतं. परतीची दोरी अंथरत जाणं, एकाहून जास्त दिवे, हवेचे तीन भाग करून एकच भाग आत जाताना वापरणं, हे सगळं त्यात शिकवतात. ते होईपर्यंत दारात तरंगत राहून टॉर्चने आत पाहायचं, एवढंच. गाईड हसत "चला" म्हणाला तरी मान हलवून नाही म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि चांगला गाईड त्याबद्दल कधी रागावत नाही.

९. वर, आणि मग घरी

दोरीने सावकाश वर या, मिनिटाला नऊ मीटरहून जास्त नाही. श्वास कधीही रोखू नका. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा, दोरीला हलकेच धरून. या थांब्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन थोडा बाहेर पडतो.

उरलेला निघायला तासन् तास लागतात, आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक इथे होते. विमानाचं बहुतेकांना माहीत असतं: एका डाइव्हनंतर किमान १२ तास, एकाहून जास्त डाइव्ह झाल्या तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. चिपी किंवा मोप्याहून संध्याकाळचं विमान असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. पण सकाळी डाइव्ह, दुपारी मासळीचं जेवण आणि संध्याकाळी गाडीने घाट चढून कोल्हापूर-पुणे, हा बेत कित्येक जण बिनधास्त आखतात. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. शरीराला विमान काय आणि घाट काय, हवेचा दाब कमी झाला एवढंच कळतं, आणि दाब कमी झाला की उरलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. म्हणून शेवटची रात्र खाली कोकणातच काढा आणि दुसऱ्या दिवशी घाट चढा. कोकण रेल्वेने मुंबईकडे जाणाऱ्यांना ही अडचण फारशी येत नाही.

त्या रात्री सांधे ठणकले, अंगावर चट्टे उठले, हातापायाला मुंग्या आल्या किंवा विचित्र थकवा वाटला, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून जाऊ नका. लगेच डाइव्ह केंद्राला फोन करा, ऑक्सिजन मागा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की आज समुद्रात किती मीटरवर आणि किती मिनिटं होता.